चाळीस नंबरचा काटा

सोमवार, १८ ऑक्टोबर १९९३

आज पुण्याहून ट्रकने आमच्या साखर कारखान्यात सहा कॉम्प्युटर आणि एक मोठं मशीन उतरलं. मोठ्या मशीनला सर्व्हर म्हणायचं. चेअरमन आबासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "शिवरुद्र, बावीस वर्षं टाइमकीपर म्हणून माणसांची हजेरी घेतलीत. आता मशीनांची घ्या." म्हणजे आजपासून मी संगणक विभागाचा प्रमुख. पुण्यात दहा दिवसांचं ट्रेनिंग घेतलेला माणूस अख्ख्या कारखान्यात मी एकटाच. त्यातले चार दिवस पोट बिघडल्यामुळे लॉजवर गेले, हे सांगायची वेळ अजून कुणी आणलेली नाही.

सगळी मशीनं एका काळ्या वायरीने जोडली. पुण्याच्या इंजिनिअरने समजावलं की वायर एकच, बोलणारी मशीनं सात, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा नंबर पाहिजे. गावात घरांना नंबर असतात तसा. एकाच नंबरची दोन घरं झाली की चिठ्ठी नेमकी कुठे टाकायची हे कळत नाही आणि दोन्ही घरांचा कारभार बसतो. "एक नंबर दोघांना देऊ नका," असं तो तीनदा म्हणाला. मी तीनदा लिहून घेतलं.

हाताखाली एक ऑपरेटर दिली आहे, केशरबाई. पूर्णेची. वडील रेल्वेत गँगमन. बी.एस्सी. झालेली, नांदेडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. सीझनपुरती, रोजंदारीवर. मुलगी शांत आहे. इंजिनिअर बोलत होता तेव्हा ती ऐकण्याऐवजी त्याचं जाडजूड पुस्तक वाचत बसली होती. शिस्त लावावी लागेल.

बुधवार, २० ऑक्टोबर

नंबरवाटप केलं. वाटलं होतं अर्ध्या तासात उरकेल. दिवस गेला.

इंजिनिअर म्हणाला होता, एकपासून दोनशे चोपन्नपर्यंत कुठलाही नंबर द्या. मी एक नंबर आबासाहेबांच्या केबिनला दिला. दोन मला. तीन अकाउंट्सला दिला, तर चीफ अकाउंटंट बन्सीधर स्वतः चालत माझ्या खोलीत आले. चप्पल बाहेर काढायचा नियम आहे, तीही काढली नाही.

"शिवरुद्रअप्पा, कारखाना कशावर चालतो? हिशोबावर. आन मी तिसरा?"

म्हटलं, "साहेब, तीन चांगला आकडा आहे."

"तीन तिगाडा, काम बिगाडा," असं काहीतरी पुटपुटत गेले.

शेतकी विभागाला दहा, भांडाराला वीस आणि उसाच्या काट्याला चाळीस दिला. काट्यावरचा सटवाजी म्हणाला, "मला कोन्चा बी द्या मालक. काटा चालला म्हंजे झालं." असे लोक कारखान्यात चार असते तर बरं झालं असतं.

केशरबाईने विचारलं, "सर, नंबर लहान असला का मोठा, मशीनला काय फरक पडतोय?"

म्हटलं, मशीनला पडत नसेल, शिस्तीला पडतो. तिने तोंडाला पदर लावला. खोकला असावा. एसीची हवा बाधते काहींना.

'संगणक क्रमांक नोंदवही' घातली. लाल शाईने समासरेषा आखल्या. वही गोपनीय ठरवून कपाटात कुलपात ठेवली. किल्ली माझ्या जानव्याला... नाही, आम्ही जानवं घालत नाही, लिंगाच्या दोऱ्याला बांधणार होतो, पण बायको, भागम्मा, ओरडली. कनवटीला लावली आहे.

सोमवार, २२ नोव्हेंबर

आज गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली, गाळप सुरू झालं. सनई, फेटे, आबासाहेबांचं भाषण. "मराठवाड्यात काट्यावर कॉम्प्युटर बसवणारे पहिले आपण," असं म्हणाले आणि टाळ्या झाल्या. काट्याची पद्धत अशी की गाडी काट्यावर आली की सटवाजी सभासदाचा क्रमांक दाबतो, मशीन सर्व्हरकडून त्याचं नाव मागवतं आणि वजनाची पावती आपोआप छापून येते.

सकाळी आठपासून अकरापर्यंत झकास चाललं. अकराला काट्याचं मशीन मुकं झालं. नाव विचारतं आणि उत्तर येत नाही. सटवाजी धावत आला. मी मशीनपुढे उदबत्ती लावली, वायर हलवली, बंद करून चालू केलं. काही नाही. एक वाजता आपणहून सुरू झालं. दोनला परत बंद.

हाताने पावत्या लिहिल्या. संध्याकाळपर्यंत बैलगाड्या फाट्यापर्यंत लागल्या होत्या.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

आजही तसंच. अकराला बंद, एकला चालू, दोनला बंद. संध्याकाळी सहाला चालू.

माझं निदान: मशीन ऊन धरतं. अकराला काट्याच्या खोलीच्या पत्र्यावर ऊन येतं. पण मग भर एकला कसं चालतं? याचं उत्तर विचार करून निघेल. तूर्त पत्र्यावर पाचट टाकून घेतलं आणि वरून पाणी मारलं. पाणी आत गळलं. सटवाजीची टोपी भिजली.

गाड्यांची रांग गंगाखेड रस्त्याला लागली. ऊस वाळायला लागला की वजन घटतं, हे काय कुणाला सांगायला पाहिजे? एका गाडीवानाने विचारलं, "मशीन जेवायला जातंय का ओ?" लोक हसले. मी हसलो नाही.

आबासाहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, "शिवरुद्र, टाइमकीपरची खुर्ची अजून रिकामीच आहे ना?"

गुरुवार, २५ नोव्हेंबर

छडा लागला. सविस्तर लिहितो.

केशरबाईने दोन दिवस एका कागदावर वेळा टिपल्या होत्या. मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आज साडेअकराला ती म्हणाली, "सर, कारखान्यात अकराला कोन येतंय?"

"बन्सीधर. पूजा लांबते त्यांची."

"आन एकला कोन उठतंय जेवायला?"

"बन्सीधर."

"मशीन बंद करून जातेत का?"

"जातात. बिलाची काळजी आहे त्यांना."

मला वाटलं ती त्यांच्या चांगल्या सवयीचं कौतुक करते आहे. पण ती सरळ अकाउंट्समध्ये गेली आणि त्यांच्या मशीनची मागची वायर उपसली. बन्सीधर किंचाळले. त्याच क्षणी खिडकीतून सटवाजीचा आवाज आला, "चाललं! चाललं!"

मग उलगडा झाला. बन्सीधरांना गंगाखेडच्या ज्योतिषाने सांगितलं होतं की तुमच्या नावाला चार हा अंक लाभतो. चार, तेरा, बावीस, एकतीस किंवा चाळीस. मी नंबर घालताना त्यांनी मागे उभं राहून कुठली बटणं दाबतात ते पाहून ठेवलं होतं आणि मुहूर्तावर स्वतःच तीन काढून चाळीस घातला.

म्हटलं, "साहेब, चाळीस काट्याचा आहे!"

"मला काय मालूम? तुमची वही कुलपात. मी विचारलं असतं तर दाखवली असती का?"

म्हटलं, "नाही. गोपनीय आहे."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी पानाची डबी उघडली.

त्यांच्या या बोलण्यात काहीतरी तर्कदोष आहे. तो अजून सापडलेला नाही.

बन्सीधरांना बावीस दिला. काटा चालू. आबासाहेबांना फोन करून दोष मी शोधून काढल्याचं कळवलं. विभागाचा दोष विभागप्रमुखानेच शोधला असं धरायचं असतं.

शनिवार, ४ डिसेंबर

केशरबाईला नवी लहर आली आहे. म्हणते, हाताने नंबर द्यायचेच कशाला? तिने पुण्याला फोन केला होता. कंपनीने पोस्टाने एक फ्लॉपी पाठवली.

"सर, मशीन सकाळी चालू झालं का त्याला स्वतःचा नंबर ठावूकच नसतो. ते वायरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, कुनी हाय का, मला नंबर पायजे. ते सर्व्हर ऐकतंय. त्याच्याकडं यादी असती. मोकळा नंबर बघून सांगतंय, हा घे, आजच्यापुरता तुझा. मशीन म्हनतं, बरं, घेतला. संपलं."

"आणि संध्याकाळी?"

"मशीन बंद झालं, मुदत संपली का नंबर परत यादीत. दुसऱ्या दिवशी तोच मिळंल, न्हाई तर दुसरा."

मी विचारलं, "मग आबासाहेबांचा एक नंबर?"

"तो कुनाला बी जाईल."

ही मुलगी कारखाना बुडवणार. म्हटलं, विचार करून सांगतो. फ्लॉपी सुरक्षित राहावी म्हणून घरी आणली.

शुक्रवार, १० डिसेंबर

फ्लॉपी सापडत नव्हती. विचारलं तर भागम्मा म्हणाली, "ती काळी चौकोनी चकती? दुधाच्या भांड्यावर झाकलीय. लय बरी बसतीय."

दूध दोनदा उतू गेलेलं. फ्लॉपीला साय. पुसून कपाटात ठेवली आणि देवाच्या कृपेने प्रश्न आपोआप सुटला असं समजलो. सकाळी केशरबाईला दुःखी चेहऱ्याने सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या सर. आली त्याच दिवशी मी तिची नक्कल करून ठेवलती."

भागम्माने विचारलं, "इतके दिवस ती चकती घरी का ठिवलीत?" म्हटलं, सुरक्षेसाठी. ती म्हणाली, "टाइमकीपर होतात तवा बरे झोपायचात."

सोमवार, १३ डिसेंबर

नवी पद्धत सुरू. सकाळी सहाही मशीनं चालू केली. मी पडद्याला नाक लावून उभा होतो. ओळ आली, 'नंबर मागतो आहे'. मग 'मिळाला: ५७'. पापणी लवायच्या आत. नंबर देताना मला दिवस लागला होता, भांडणं झाली होती. सर्व्हरशी कुणी भांडलं नाही.

आबासाहेबांना सत्तावन्न आला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांचा कॉम्प्युटर सुरू असतो, पण त्यावर ते टोपी ठेवतात, असं आज दिसलं.

बन्सीधरांना एक आला! दुपारपर्यंत त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून पडदा दाखवला. उद्या दुसरा येईल हे त्यांना सांगायचं काम माझ्यावर नाही.

बुधवार, २२ डिसेंबर

काम चोख चाललं आहे. त्यामुळे मला काम नाही.

हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून नवी पद्धत बसवली: रोज सकाळी सव्वाआठला मी सहाही मशीनांपाशी फिरतो आणि कुणाला आज कुठला नंबर मिळाला ते वहीत टिपतो. काटा ६१, भांडार ५४, वगैरे. बावीस वर्षांची सवय, हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. केशरबाईने विचारलं, "सर, ही यादी सर्व्हर आपली आपन ठिवतंय. तुमी कशाला बेजार होता?" म्हटलं, सर्व्हरवर कुणाची तरी देखरेख पाहिजे ना.

सटवाजीने मात्र रोज विचारायचं ठेवलंय, "आज आमचा कितवा?" नंबर सांगितला की त्यावर तो मटक्याचा आकडा लावतो, असं नंतर कळलं. आजपासून त्याला सांगणं बंद.

गुरुवार, ६ जानेवारी १९९४

केशरबाई त्या पुस्तकाच्या शेवटच्या भागापर्यंत पोचली आहे. आज जेवणाच्या सुट्टीत विचारते, "सर, सर्व्हर बंद पडलं तर?"

म्हटलं, "तर नंबर कोण देणार? मशीनं बसून राहतील."

"बसायची गरज न्हाई. त्याची बी सोय हाय. मशीन थोडा वेळ वाट बघतंय. कुनी उत्तर देईना म्हनलं का स्वतःच एक नंबर मनात धरतंय. मग वायरीवर विचारतंय, हा नंबर कुनाचा हाय का? तीनदा विचारतंय. कुनीच माझा म्हनलं न्हाई तर तो आपला. कुनी म्हनलं माझा, तर ते मागं सरतंय, दुसरा धरतंय."

"आणि देणारा कुणी नाही?"

"कुनीच न्हाई."

मला हे पटेना. म्हटलं, "असं कसं होईल? कुणी दिल्याशिवाय आपलं आपण नंबर घेऊन बसायचं? उद्या सगळेच घेतील."

"सगळ्यांनीच घ्यायचाय सर. फक्त आधी विचारायचं, कुनाचा हाय का."

तिला ही सोय चालू करून ठेवायची आहे. मी परवानगी नाकारली. तिने सर्व्हरवरची सभासदांची यादी रोज संध्याकाळी अकाउंट्सच्या मशीनवर उतरवून ठेवण्याची परवानगीही मागितली. त्यात धोका दिसला नाही. ती दिली.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. ऑफिसात तिळगूळ वाटला. बन्सीधरांनी पाच लाडू खाल्ले, मी मोजले.

दुपारी रेडिओवर बातमी आली, मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं. गेटवर पोलीस आले, एस.टी. बंद झाली. सगळे लवकर घरी गेले. केशरबाईने रजा मागितली नव्हती, ती सहापर्यंत बसली आणि आगगाडीने गेली. यादी उतरवून गेली.

शनिवार, १५ जानेवारी

केशरबाईने पेढे आणले. पूर्णेच्या स्टेशनसमोरचे. मी विचारलं, कशाचे? लग्न जमलं का?

"नाव दिलं ना सर, विद्यापीठाला. वडील त्याच्यापायी जेलात गेलते. मी आठ वर्षांची होते. सोळा वर्सं झाली."

मी एक घेतला. खवा ताजा होता, म्हणून दुसरा घेतला. मग ती खोका घेऊन बाकीच्या खोल्यांत गेली. बन्सीधर म्हणाले, त्यांना गोड वर्ज्य आहे. हे नवीनच. कालपर्यंत तर नव्हतं. शेतकीवाल्यांना आज उपास निघाला. शनिवार, असेल. सटवाजीने दोन तोंडात टाकले आणि चार टोपीत.

खोका बराचसा भरलेलाच परत आला. ती झाकण लावत होती तेव्हा मी म्हटलं, "माझ्या घरी दोन द्या, भागम्माला आवडतात." तिने खोकाच दिला. भागम्माने गल्लीत वाटले.

सोमवार, १७ जानेवारी

सकाळी नऊला व्होल्टेज उसळलं. सर्व्हरमधून फट् असा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास. सगळी मशीनं मुकी.

पुण्याला फोन लावला. इंजिनिअर म्हणाला, बंदोबस्त उठून गाड्या सुरळीत झाल्याशिवाय निघत नाही, चार दिवस धरा. आबासाहेब मुंबईला. काट्यावर दोनशे गाड्या.

सटवाजी वहीत पावत्या लिहायला बसला. तासात अकरा गाड्या. नावांचा घोळ, एका किशनरावाचा ऊस दुसऱ्या किशनरावाच्या नावावर. त्या दोघांची काट्यावरच जुंपली. एकाचा बैल बसला तो उठेना. कमलबाई नावाची एक बाई स्वतः ऊस घेऊन आलेली, मागच्या गाडीत तिचं पोर तापाने फणफणलेलं. ती मला म्हणाली, "मालक, रात्रीपासून उभी हाय मी. नाव लिवायला येवढा येळ लागतोय व्हय?"

केशरबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "सर, ती सोय चालू करू?"

म्हटलं, आबासाहेबांना विचारल्याशिवाय नाही.

"आबासाहेब मुंबईला हायेत."

म्हटलं, नियम आहे.

ती जागची हलली नाही. खिडकीतून बैल दिसत होता. मी खूप विचार केला. बिघडलं तर खुर्ची जाईल, हेही विचारात होतं, खोटं कशाला लिहू. शेवटी म्हटलं, "तोंडी परवानगी देतो. लेखी नाही."

तेवढ्यावर ती धावली. एकेका मशीनवर फ्लॉपी घालत गेली. मी मागे मागे. काट्याच्या पडद्यावर ओळ आली, 'नंबर मागतो आहे'. ती तशीच राहिली. अर्धा मिनिट. उत्तर द्यायला कुणी नव्हतंच. मग दुसरी ओळ आली, 'कोणी देत नाही. १३८ धरतो. हा कोणाचा आहे का?' एकदा, दोनदा, तीनदा. वायरीवर शांतता. 'माझा.'

अकाउंट्सच्या मशीननेही नेमका एकशे अडतीसच धरायला घेतला. काट्याने तिकडून सांगितलं, माझा आहे. अकाउंट्सचं मशीन गुमान मागे सरलं आणि दोनशे तीनवर जाऊन बसलं. बन्सीधर सरले नसते.

मग काट्याच्या मशीनने अकाउंट्सच्या मशीनला नाव विचारलं, कारण यादी तिथे उतरवलेली होती. प्रिंटर करकरला. पावतीवर कमलबाईंचं नाव आलं, स्वच्छ. सटवाजी ओरडला, "या, पुढं या!"

दिवस मावळेपर्यंत रांग फाट्याच्या आत आली. आज हजेरी घ्यायची राहून गेली.

शनिवार, २२ जानेवारी

आबासाहेब आले. बन्सीधरांसमक्ष सगळं ऐकून घेतलं. मी समजावून सांगितलं की आता सर्व्हर असो नसो, मशीनं आपापले नंबर घेतात, कुणाला हात लावावा लागत नाही, सगळं ऑटोमॅटिक. आबासाहेब खूष झाले. म्हणाले, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ.

बन्सीधर म्हणाले, "ऑटोमॅटिक हाय म्हनता, तर रोजंदारीवरची ऑपरेटर कशाला? फेब्रुवारीपासून बंद करू या."

आबासाहेब म्हणाले, "बरोबर आहे. शिवरुद्र एकटे पुरेत."

मी मान हलवली. सत्काराच्या आनंदात हलली. जिना उतरल्यावर ध्यानात आलं की कशाला हलवली.

मंगळवार, २५ जानेवारी

तीन दिवस जेवण गोड लागत नाही. भागम्माने विचारलं. सांगितलं. ती म्हणाली, "मग सांगून टाका ना, तिनं केलं म्हनून."

"कधी सांगितलं नाही ते आता कसं सांगू? आबासाहेब विचारतील, मग इतके दिवस तुम्ही काय करत होतात?"

"काय करत होतात?" तिने विचारलं.

आज केशरबाईला ऑफिसातून तोंडी कळवलं गेलं. ती माझ्याकडे आली. मला वाटलं रडेल. तिने एक वही पुढे केली. कुठलं मशीन रुसलं तर काय करायचं, सगळं माझ्यासाठी मराठीत लिहून काढलेलं. चौऱ्याऐंशी पानं. म्हणाली, "सर, तुमाला अडचन नको." मी पहिलं पान वाचलं. समजलं नाही.

बुधवार, २६ जानेवारी

झेंडावंदन झालं. शाल खांद्यावर आली. माइक हातात आला. चार वाक्यं पाठ करून गेलो होतो, "आबासाहेबांच्या कुशल नेतृत्वाखाली" वगैरे. पहिलंच वाक्य विसरलो.

म्हणालो, "मला त्यातलं काही येत नाही."

लोकांना वाटलं विनय आहे. टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "नाही, खरंच येत नाही. काट्याचा दोष केशरबाईने शोधला. आपोआप नंबर मिळायची सोय तिने केली. सर्व्हर जळाला त्या दिवशी मी फक्त मागे मागे फिरलो. ते ऑटोमॅटिक आहे, पण कुणीतरी वाचून, समजून ते तसं करून ठेवावं लागतं. ती गेली आणि काही बिघडलं तर मला फक्त उदबत्ती लावता येते."

आबासाहेब खुर्चीतून म्हणाले, "मग शिवरुद्र, तुम्ही काय करत होतात?"

"हजेरी घेत होतो, साहेब. मशीनांची."

सगळे हसले. पोलीसपाटीलसुद्धा. तेवढ्यात मागून सटवाजी ओरडला, "साहेब, बाईला ठिवा! ह्यांला ठिवलं न ठिवलं, चालतंय!" ते दोन्ही किशनराव सत्काराला आले होते. पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं दिसलं, दोघांनी मिळून टाळ्या वाजवल्या.

मी शाल काढून केशरबाईच्या हातात दिली. नारळ माझ्याकडेच राहिला, घाईत.

तिने पदराने डोळे पुसले. खोकला नव्हता.

मंगळवार, १ फेब्रुवारी

ऑर्डर निघाली. केशरबाई कायम, संगणक विभाग प्रमुख. मी त्याच विभागात, 'सहायक'. बावीस वर्षांनी कुणाच्या तरी हाताखाली. बन्सीधर मुद्दाम भेटायला आले आणि म्हणाले, "लय वाईट झालं ओ अप्पा." त्यांचा चेहरा बराच टवटवीत होता.

भागम्माला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. जेवा." दोन भाकरी जास्त गेल्या.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

सकाळी फोन वाजला. शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याचा. त्यांनीही कॉम्प्युटर घेतलेत आणि दोन मशीनं एकाच वेळी मुकी होतात म्हणाले. "तुमच्याकडचे तज्ज्ञ कोण आहेत, त्यांना द्या."

मी म्हटलं, "बोला, मीच..." आणि थांबलो. रिसीव्हर पुढे केला. "मॅडम, तुमचा फोन."

असं मी तिला पहिल्यांदाच म्हटलं. तिने फोन घ्यायच्या आधी मागे वळून पाहिलं, कुणी मॅडम आल्या आहेत का.

दुपारी कारखान्याची जीप निघाली. ड्रायव्हरने सवयीने पुढचं दार माझ्यासाठी उघडलं. मी मागे जाऊन बसलो, जादा चाकाशेजारी, मांडीवर फ्लॉप्यांचा डबा. मागे हादरे लय बसतात. धूळही सगळी तिथेच येते. अर्ध्या वाटेत ती वळून म्हणाली, "सर, नीट बसलात ना?"

म्हटलं, "बसलोय मॅडम. तुम्ही पुढे बघा. आणि ते सर्व्हर नसलं तर मशीन तीनदाच का विचारतं, चारदा का नाही, ते सांगत चला. रस्ता लांब आहे."